जहाज निवृत्त होतं तेव्हा



भाषणाला उभं राहायची मला सवय नाही. शाळेत उभा राहायचो तो बाकावर. पण काल रात्री जेवताना आपल्यातल्याच एकाने विचारलं, "तुमची जुनी जहाजं चालतात ना अजून? मग मोडीत कशाला काढता? आपली एसटी बघ, किती वर्षं ओढतात!" त्याला उत्तर द्यायला ही पाच मिनिटं मागून घेतली. आणि हो, मी 'जहाज'च म्हणणार. गावात आपण सगळ्यालाच बोट म्हणतो, पण नौदलात युद्धनौकेला बोट म्हटलं की आमचे चीफ डोळे वटारायचे.

लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत शिकून मी इंजिनरूमला लागलो आणि काही वर्षं आयएनएस गोमतीवर काढली. माझगाव गोदीत बांधलेली, १६ एप्रिल १९८८ रोजी दाखल झालेली गोदावरी वर्गाची फ्रिगेट. ती वाफेवर चालायची. सकाळी निघायचं असेल तर आमची रात्र बॉयलरपाशी जायची, कारण थंड बॉयलर तापून वाफेचा दाब यायला तास न् तास लागतात. तिथला उकाडा काय सांगू! आपल्याकडच्या मे महिन्याला मी कधी नावं ठेवत नाही ते त्यामुळेच. अतितप्त वाफ कुठे गळत असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. हात मात्र कापून नेईल. म्हणून जुने लोक काठीला फडकं बांधून ते पुढे धरत जायला शिकवायचे. फडकं उडालं की थांबायचं.

आता मोडीत का काढायचं? गंजलेला पत्रा बदलता येतो, बॉयलरच्या नळ्याही बदलता येतात. पण काही वर्षांनी सुटे भाग बनवणारेच उरत नाहीत. आणि शत्रूची क्षेपणास्त्रं नवी होत जातात. त्यांना अडवणाऱ्या रडारला भरपूर वीज लागते, ते थंड ठेवावं लागतं. उभ्या सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी डेकच्या खाली खोल जागा लागते. जुन्या जहाजावर वरच्या वर वजन चढवत गेलं तर ते डोलायला लागतं. घरावर माडी चढवताना आपण आधी पाया बघतो ना, तसंच.

आज आयएनएस विशाखापट्टणमसारखी विनाशिका बघा. १६३ मीटर लांब, ७,४०० टन, चार गॅस टर्बाइन. वाफेची वाट बघणं नाही, काही मिनिटांत यंत्रं तयार. पण करार झाला जानेवारी २०११ मध्ये आणि जहाज दाखल झालं २१ नोव्हेंबर २०२१ ला! पहिल्या जहाजाला वेळ लागतोच. म्हणून जुनं थकल्यावर नव्याचा विचार सुरू केला तर दहा वर्षं उशीर झालेला असतो.

फ्रिगेटच्या बाबतीत ते झालंच. २०१३ मध्ये त्रिकंद आली. त्यानंतर नवी फ्रिगेट, तुशिल, दाखल झाली ती थेट डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात गोदावरी, गंगा आणि आमची गोमती, तिन्ही गेल्या. विनाशिका येत होत्या, नाही असं नाही. पण जहाजं कमी झाली म्हणून समुद्र लहान होत नाही. एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्त २००८ पासून चालू आहे. तिथे एक जहाज कायम ठेवायचं तर एक तिकडे, एक जाण्याच्या तयारीत आणि एक दुरुस्तीला, असा साधारण हिशेब असतो. मला जहाजाच्या वयापेक्षा या मधल्या खंडाची भीती जास्त वाटते. मालिकेतलं शेवटचं जहाज गोदीत असतानाच पुढच्याची ऑर्डर निघाली पाहिजे. नाहीतर गोदीतले वेल्डर, फिटर पांगतात आणि ती माणसं पुन्हा घडवायला आणखी वर्षं जातात.

एसटीवाल्या मित्राचं म्हणणं अगदीच चूक नाही, हेही सांगतो. आयएनएस बियास ही वाफेवरची फ्रिगेट. तिच्यात डिझेल इंजिनं बसवायचा करार २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी झाला, ३१३ कोटींचा. सांगाडा धड असेल तर तेही करतात.

२८ मे २०२२ ला संध्याकाळी मुंबईत गोमती निवृत्त झाली तेव्हा मी धक्क्यावर होतो. सूर्यास्ताला झेंडा शेवटचा उतरला. शेजारी उभा असलेला तरुण खलाशी गॅस टर्बाइनवर शिकलेला. त्याला मी काठी-फडक्याची गोष्ट सांगितली. त्याला वाटलं, म्हातारा थापा मारतोय.

१५ जानेवारी २०२५ ला नवी निलगिरी दाखल झाली. १९७२ च्या निलगिरीचंच नाव तिला दिलंय. डिसेंबरात नौदल दिनाच्या सुमारास शाळांच्या मुलांना जहाजं दाखवतात. सर, आपल्या शाळेतून सहल न्यायची ठरवलीत तर मुलांबरोबर मी येईन. अर्ज कुठे करायचा ते बघून ठेवतो, बसचं मात्र तुम्ही बघा.