माशीचा कागद व तो घडविणारें यंत्र

विरार स्टेशनच्या पश्चिमेस आगाशीकडे जाणाऱ्या वाटेवर बोळिंज हें गांव आहे. पूर्वीं या वाटेच्या दोन्ही अंगांस केळींच्या व पानवेलींच्या वाड्या होत्या. आतां त्यांतील पुष्कळ जागा इमारतींनीं व्यापिली असून, २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वांत आल्यापासून गांवाची गणना शहरांतच होते. तरीहि या टापूची ओळख सांगणारे दोन वास अजून पुरते लोपलेले नाहींत. एक पिकलेल्या केळ्यांचा, आणि दुसरा अर्नाळ्याच्या वाऱ्याबरोबर येणारा वाळत्या मासळीचा. आगाशीच्या सुकेळ्यांची दखल इंग्रज अमदानींतील गॅझेटियरांतहि घेतलेली आहे. अर्नाळ्याचे बोंबील तर मुंबईच्या बाजारास ठाऊकच आहेत. केळें गोड, मासा खारा. मनुष्यांत एकाच्या चाहत्यास दुसऱ्याचें वावडें असूं शकेल. माशीला मात्र दोन्ही सारखींच प्रिय असतात.

राजेळी केळीं पिकवावयाचीं, सोलावयाचीं, आणि उन्हांत मांडून कांहीं दिवस वाळवावयाचीं, एवढीच सुकेळ्यांची कृति. ती ऐकावयास सोपी आहे. परंतु सोललेलें पिकें केळें उघड्यावर मांडणें म्हणजे साऱ्या पंचक्रोशींतील माशांस आवतण देणें होय. मग वर जाळी पसरा, बाजूला बसून हातपंखा हालवा, धूर करा, असे उपाय चालतात. रिकामटेकड्या मनुष्यास आपल्या भाषेंत 'माशा मारीत बसला आहे' असें म्हणतात. ज्यानें ही म्हण प्रथम योजिली त्यानें सुकेळीं कधीं घातलीं नसावींत. ज्या घरचें वर्षाचें उत्पन्न त्या मांडवावर वाळत असतें, त्या घरांत माशा हाकलणें हाच त्या दिवसांतील सर्वांत मोठा उद्योग असतो.

माशीचा इतका धाक बाळगण्याचें कारण तिच्या शरीररचनेंत आहे. तिला दांत नाहींत. घन पदार्थ तिला खातां येत नाहीं. म्हणून ती आपल्या पोटांतील द्रव त्या पदार्थावर ओकते, तो विरघळवते, आणि मग सोंडेनें शोषून घेते. चव ती पायांनीं घेते. म्हणजे ज्या पायांनीं ती घटकाभरापूर्वीं उकिरड्यावर हिंडत होती, त्याच पायांनीं ताटांतील भाताची परीक्षा होते. पायांच्या टोकांस बारीक केंसांच्या गाद्या असून त्यांतून एक ओलसर स्राव पाझरत असतो. त्याच्याच बळावर माशी कांचेवरून सरळ वर चढते व छताला उलटी लटकते. या ओलसर केंसांत हगवण, विषमज्वर व पटकी यांचे जंतु अडकतात आणि घरोघर पोंचतात. तात्पर्य, माशी ही मुळांतच चिकट पायांची आहे. तिला तिच्याहून चिकट अशा वस्तूनें धरावें, ही कल्पना सुचावयास मात्र मनुष्यास बराच काळ लागला.

त्यापूर्वीं युरोपांत विषारी कागदाची चाल होती. सोमल भिनविलेला कागद बशींत पाण्यावर ठेवावयाचा. माशी तें पाणी पिते व मरते. हा कागद कोणत्याहि औषधांच्या दुकानांत मिळे. त्याचा परिणाम काय झाला, हें लिव्हरपूल येथील १८८९ सालच्या फ्लॉरेन्स मेब्रिक हिच्या खटल्यावरून दिसून येतें. तिनें असे कागद पाण्यांत भिजत घातले होते. ते चेहऱ्याला लावावयाच्या औषधासाठीं होते, असें तिच्या बाजूनें सांगण्यांत आलें. नवऱ्याला विष घालण्यासाठीं होते, असें सरकारपक्षाचें म्हणणें पडलें. तिला फांशीची शिक्षा झाली, पुढें ती जन्मठेपेवर आली, आणि १९०४ सालीं ती सुटली. खरें काय होतें याविषयीं लोक अद्याप वाद घालतात. पण रांगतें मूल असलेल्या घरांत सोमलाचें पाणी उघड्या बशींत ठेवणें हें शहाणपणाचें नव्हे, याविषयीं वाद होण्याचें कारण नाहीं.

त्याच दशकांत अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत ग्रँड रॅपिड्स या शहरीं थम नांवाच्या, औषधांचें दुकान चालविणाऱ्या कुटुंबानें निर्विष चिकट कागद बाजारांत आणिला. त्याचें नांव 'टँगलफूट', म्हणजे पाय गुंतविणारा. राळ, एरंडेल व थोडें मेण एवढाच त्याचा मसाला. त्यांची खरी हुशारी मसाल्यांत नसून कडेंत होती. चिकट लेप ऊब लागतांच वाहूं लागतो आणि टेबलावर उतरतो. म्हणून त्यांनीं कागदाच्या चारी कडांस मेणाची किनार घातली. शेताला बांध घालावा तशी. त्यामुळें लेप आपल्या जागीं राहूं लागला आणि गृहिणींनीं तो कागद घरांत येऊं दिला.

दुसरी सुधारणा जर्मनींत झाली, आणि ती एका मिठाईवाल्यानें केली हें ऐकून बोळिंज-आगाशीच्या सुकेळेंवाल्यांस नवल वाटूं नये. स्टुटगार्टजवळील व्हायब्लिंगेन गांवीं थिओडोर कायझर हा खोकल्याच्या गोड गोळ्या करीत असे. साखरेचा पाक जेथें, तेथें माशा. त्यानें प्रथम पाकासारखे चिकट पदार्थ पुठ्ठ्यावर फांसून पाहिले. ते लौकरच वाळून जात. अखेर न वाळणारा लेप साधला, आणि त्यानें आडव्या कागदाऐवजीं लांब अरुंद पट्टी घेऊन ती छोट्या पुठ्ठ्याच्या नळींत गुंडाळून बसविली. पट्टीच्या टोकाला टाचणी. टाचणी छतांत खुपसावी, नळी खालीं ओढावी, म्हणजे पट्टी पीळ खात उलगडते व लोंबत राहते. १९११ सालापासून 'एरोक्सॉन' या नांवानें हा धंदा सुरू झाला. माशी विसाव्याला आडव्या पृष्ठापेक्षां दोरी, तार, दिव्याची साखळी अशा लोंबत्या बारीक वस्तु पसंत करते. रात्रीं तर ती बहुधा तेथेंच बसते. त्यामुळें ही पट्टी माशीच्या संवयीला अनुसरूनच बेतलेली आहे.

आतां यंत्राकडे वळावयाचें. तें फार मोठें नसतें. वसईच्या पूर्वेस गोखिवरें, वालीव या बाजूस लहान कारखान्यांचे जे गाळे आहेत, तसल्या एका गाळ्यांत तें सहज मावेल. एका टोकाला जाड कागदाचें मोठें रीळ. मधें लेपाची कढई व रूळ. दुसऱ्या टोकाला पट्ट्या गुंडाळणारा भाग. प्रथम कागदाला सरसाचा पातळ हात द्यावा लागतो, नाहीं तर एरंडेल कागदांत मुरतें आणि वर नुसती कोरडी राळ उरते. मग तो कागद तापलेल्या लेपांतून फिरणाऱ्या रुळावरून जातो. लगेच पुढें एक पोलादी पातें असतें; त्याच्या व कागदाच्या मधली फट केसभर वाढविली कीं लेप जाड बसतो, केसभर कमी केली कीं पातळ. धंद्याचा नफा-तोटा या फटींत आहे. जाड लेप महाग पडतो व गळतो; पातळ लेपांतून माशी पाय उपटून निघून जाते.

लेपाची कढई हा यंत्राचा सर्वांत नाजूक व सर्वांत धोक्याचा भाग. हिमालयाच्या उतारावरील चीड वृक्षांचा चीक गाळून टर्पेंटाईन काढून घेतल्यावर जी राळ उरते ती येथें वापरतात. एरंडेल गुजराथेंत मुबलक आहे. म्हणजे दोन्ही जिन्नस देशांतले. तेलाच्या दीडपट ते दुप्पट राळ घेतली म्हणजे मिश्रण जमतें. परंतु राळ व तेल उघड्या जाळावर तापवितां ऊतूं गेलें, तर क्षणांत भडका होतो. म्हणून कढईला दुहेरी भिंत ठेवून मधल्या पोकळींत गरम तेल खेळवितात आणि उष्णता सावकाश वाढवितात. अलीकडे राळेऐवजीं पॉलिब्युटीनसारखे कारखान्यांत तयार होणारे चिकट पदार्थ वापरण्याचीहि चाल पडली आहे. ते हवेनें लौकर कडक होत नाहींत.

चिकट पट्टी गुंडाळून नळींत भरणें हें काम बघावयास गमतीचें असतें, करावयास नाहीं. पट्टीवर ताण कमी पडला तर वेटोळें सैल होऊन नळींत जात नाहीं. जास्त पडला तर कागद तुटतो. कागद तुटला कीं खरी माशी शिंकली. यंत्र थांबवावयाचें, रुळांवर गुंडाळलेला चिखल खरवडावयाचा, रुळ तेलानें पुसावयाचे, आणि पुनः पहिल्यापासून कागद ओवावयाचा. शिवाय अशा गाळ्याला दारें-खिडक्यांस जाळी लावणें भाग असतें. कारण उघड आहे: मालाची परीक्षा पाहण्यासाठीं माशा गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत थांबत नाहींत.

परदेशीं कृति जशीच्या तशी कोंकणांत उतरविली तर फसते. जर्मनींतल्या उन्हाळ्यासाठीं बेतलेला लेप वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं ठिबकूं लागतो, आणि ज्या सुकेळ्यांच्या रक्षणासाठीं पट्टी टांगली त्यांच्यावरच त्याचे थेंब पडतात. म्हणून उन्हाळ्याच्या मालांत राळ थोडी अधिक घालावी व थंडीच्या मालांत तेल. पावसाळ्यांत, जेव्हां माशांचा सुळसुळाट सर्वाधिक, तेव्हां कागदच दमट होतो. त्यामुळें माल हवाबंद ठेवावा लागतो. हें सर्व पुस्तकावरून शिकण्यापेक्षां दोन हंगाम अनुभव घेऊनच कळतें.

एवढें करूनहि माशीचा कागद माशांचें निर्मूलन करीत नाहीं, आणि तसें करतो म्हणून विकणारा दुकानदार खोटें बोलतो. हिशेब सोपा आहे. एक मादी आपल्या अल्प आयुष्यांत सुमारें पांचशें अंडीं घालते. शेण, लीद, कुजका कचरा यांत तीं एका दिवसाच्या आंत फुटतात, आणि उबदार हवेंत सात ते दहा दिवसांत नवी माशी उडूं लागते. समजा, एका पट्टीनें आठवड्यांत तीनशें माशा धरल्या. तर त्याच आठवड्यांत परसांतील न उचललेल्या शेणाच्या एका ढिगानें त्याच्या कितीतरी पट माशा जन्मास घातल्या असतील. डी.डी.टी.चा अनुभवहि हेंच सांगतो. पॉल म्युलर यानें १९३९ सालीं त्या द्रव्याचा कीटकनाशक गुण शोधला, १९४८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्याच्या आधींच स्वीडन व इटली या देशांत त्याला दाद न देणाऱ्या माशा आढळूं लागल्या होत्या. डिंकाला न चिकटणारी माशी अजून निपजलेली नाहीं, एवढें चिकट कागदाच्या बाजूनें म्हणतां येईल.

मग त्याचा खरा उपयोग कोणता? तो साक्षीदार म्हणून फार चांगला. कोंबड्यांचे मोठे गोठे चालविणारे लोक ठराविक दिवस पट्टी टांगतात, तिच्यावरील माशा मोजतात आणि त्यावरून खत उपसण्याची वेळ ठरवितात. ही युक्ति घरालाहि लागू पडते. गच्चीवरून पाहणाऱ्यास शेजारच्या कचराकुंडीमुळें माशा येतात कीं आपल्याच जिन्याखालच्या बादलीमुळें, हें कधींच कळत नाहीं, आणि भांडण मात्र शेजाऱ्याशीं होतें. स्वयंपाकघरांत एक, जिन्यांत एक व कुंडीच्या बाजूच्या खिडकींत एक अशा तीन पट्ट्या एकाच दिवशीं टांगाव्या, दोन दिवसांनीं मोजाव्या. मग बादली रोज रिकामी करून पुनः तितकेच दिवस तेंच करावें. महानगरपालिकेकडे तक्रारअर्ज द्यावयाचाच झाला, तर त्या तीन आंकड्यांइतका बिनतोड पुरावा दुसरा नाहीं. जेथें वाड्यांच्या जागीं उंच इमारती आल्या आणि प्रत्येक इमारतीचा कचरा एका जागीं सांचूं लागला, त्या बोळिंजसारख्या ठिकाणीं अशा पुराव्याची गरज वाढलीच आहे.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. चिकट लेपाला मित्र व शत्रु कळत नाहीं. खिडकीच्या चौकटीशीं टांगलेल्या पट्टीस चिमणी किंवा पाल अडकते, आणि तिची तडफड पाहवत नाहीं. म्हणून पट्टी खोलीच्या आंत, छतापासून लोंबती, पण दिव्याच्या व चुलीच्या उष्णतेपासून दूर असावी. ती वाढलेल्या ताटांवर तर कधींच टांगूं नये. धूळ बसून पृष्ठ मळकट दिसूं लागलें कीं माशांची वाट न पाहतां ती उतरवावी, वर्तमानपत्रांत गुंडाळावी आणि टाकून द्यावी. उतरवितांना लेप हाताला लागल्यास पाण्यानें तो निघत नाहीं, साबणानें नुसता पसरतो. आधीं थोडें गोडेंतेल चोळावें, जुन्या फडक्यानें पुसावें, आणि मग साबण लावावा. मुलांच्या केंसांत पट्टी गुंतली तरी कात्री न घेतां हाच उपाय करावा.