माकडहाड आणि कोकिळेची चोच
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चूल आणि गोठा सांभाळणारी बाई. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘माकडहाड’ म्हणाले, आणि साऱ्याजणी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हसण्यासाठीच मी हा विषय घेतला आहे.

चार वर्षांपूर्वी नवरात्राआधी नीरा डाव्या कालव्यावर गोधड्या धुताना शेवाळावरून माझा पाय घसरला आणि मी दाणकन दगडावर बसले. तेव्हापासून भाकरी थापायला बसणे जिवावर येई. सासूबाईंनी विचारले, “काय दुखतंय गं?” मी म्हणाले, “कंबर.” त्या हाडाचे नाव घ्यायची लाज वाटली. डॉक्टरांनाही कंबरच सांगितली, त्यांनी औषध कमरेचे दिले. त्यांचा काय दोष? असे तीन महिने गेले. पुढे माहेरी निघाले तेव्हा बारामतीहून इंदापूरपर्यंत, शेजारची जागा रिकामी असताना, एस.टी.त उभी राहिले. आईने चेहऱ्यावरून ओळखले आणि एका डॉक्टरीणबाईंकडे नेले.

त्यांनी चित्र काढून दाखवले. पाठीच्या कण्याच्या अगदी टोकाला तीन ते पाच, बहुधा चार, लहान मणके जुळून हे हाड होते. माकडाला जिथे शेपूट, तिथे आपल्याला हे. आईच्या पोटात पाचव्या आठवड्याच्या सुमारास आपणा सर्वांना इवलेसे शेपूट असते, आठवा आठवडा संपेपर्यंत ते जाते. पण हाड निकामी नाही. मूत्राशय आणि गर्भाशय खालून तोलून धरणारे स्नायू त्याला बांधलेले असतात. बाळंतपणात ते मागे सरून बाळाला वाट देते. बायकांचे ओटीपोटाचे हाड रुंद, म्हणून ते जास्त उघडे पडते आणि पुरुषांपेक्षा आपल्यालाच अधिक दुखते.

पुस्तकी मराठीत त्याला ‘अनुत्रिक’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘कॉक्सिक्स’. हा मूळचा ग्रीक शब्द, ‘कोक्किक्स’. त्याचा अर्थ आपल्या कोकिळेच्या कुळातले एक पाखरू! हाड खाली निमुळते होत आत वळते, ते ग्रीक वैद्यांना त्या पाखराच्या चोचीसारखे दिसले. त्यांचे कोक्किक्स आणि आपली कोकिळा, दोन्ही नावे पाखराच्या आवाजावरूनच पडली. मला हसू आले. ज्या नावाची मी लाज धरली, ते आंब्यावर बसून गाणाऱ्या पाखराचे निघाले.

उपाय साधा होता. मागच्या बाजूला खाच ठेवलेली गादी, थोडे पुढे झुकून बसणे, गरम पाण्याचा शेक, आणि फार वेळ एका जागी न बसणे. दोन महिन्यांत मी पाटावर बसू लागले. मात्र दुखणे थांबत नसेल, पाय बधिर होत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

भगिनींनो, दुखण्याचे नाव चुकले की औषधही चुकते. आताही या सभेत कोणी एका कुशीवर कलून बसली असेल. तिने नाव घ्यायला लाजू नये. फारच संकोच वाटला तर म्हणावे, “माझी कोकिळा दुखते,” आणि माझ्या घरी यावे. खाचेची गादी मी जपून ठेवली आहे.