फेरलढतीची तयारी

१९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये बॉक्सर जो लुई बाराव्या फेरीत आडवा झाला. वय बावीस, आणि तोवर व्यावसायिक रिंगमध्ये त्याने हार पाहिली नव्हती. समोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग होता. तिशीचा, माजी जगज्जेता, जाणकारांनी मोडीत काढलेला. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ ला, त्याच मैदानात लुईने त्याच श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवले. हरलेला हेवीवेट फेरलढत कशी जिंकतो, हे समजून घ्यायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

या लढतीची राजकीय बाजू तुम्ही ऐकली असेल. एकीकडे हिटलरची जर्मनी, दुसरीकडे अमेरिकेचा कृष्णवर्णीय तरुण. ती बाजू खरीच आहे. श्मेलिंगवर अन्याय नको म्हणून एवढे सांगतो, की तो नाझी पक्षाचा सदस्य नव्हता आणि त्याचा अमेरिकेतला व्यवस्थापक, जो जेकब्स, ज्यू होता. पण या सगळ्या गदारोळात खुद्द बॉक्सिंग मागे पडते. ‘लुई अपमानाने पेटला होता म्हणून जिंकला’ असे म्हणून लोक मोकळे होतात. पेटलेले तर सगळेच असतात. रागाने ठोसा जड होत असेल, पण खाली राहिलेला हात राग वर आणून देत नाही.

तो हातच महत्त्वाचा. पहिल्या लढतीआधी श्मेलिंगने लुईच्या लढतींच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि त्यात त्याला एक खोड सापडली. लुई डाव्या हाताने जॅब मारायचा, जगातला उत्तम जॅब, पण तो हात परत येताना हनुवटीपाशी न येता खाली यायचा. तेवढा क्षणभर डावा गाल उघडा. श्मेलिंगचा उजवा हात जणू त्याच फटीसाठी घडवलेला होता. चौथ्या फेरीत लुई पहिल्यांदा खाली पडला, आणि पुढच्या आठ फेऱ्या तोच उजवा हात त्याच वाटेने येत राहिला. लुई हरला तो एका सवयीमुळे. सवय सापडली की ती बदलता येते, म्हणून अशी हार दुरुस्त होऊ शकते.

लुईचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न जुना, करडा बॉक्सर होता. त्याने त्या डाव्या हातावर काम केले. लुई पुढे लढत राहिला. दोनच महिन्यांत त्याने माजी जगज्जेत्या जॅक शार्कीला नॉकआउट केले आणि १९३७ च्या जूनमध्ये शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला हरवून किताब मिळवला. तरी श्मेलिंगला हरवल्याशिवाय आपल्याला कोणी चॅम्पियन म्हणू नये, असे तो स्वतःच सांगत होता. मला त्या माणसाचा आदर वाटतो तो इथे. किताब हातात असताना आपली हार नजरेआड न करणे फार थोड्यांना जमते.

फेरलढतीत त्याने आणखी एक गोष्ट बदलली. श्मेलिंग सावकाश लढणारा, थांबून, मोजून उजवा हात सोडणारा. त्याला वेळ लागायचा. लुईने तो वेळच दिला नाही. घंटा वाजल्यापासून तो अंगावर गेला, दोरांपाशी त्याला दाबले, बरगड्यांवर आणि जबड्यावर मारा केला. श्मेलिंग वळला तेव्हा एक ठोसा पाठीच्या बाजूला बसला आणि तो कळवळून ओरडला. मणक्याचे हाड मोडल्याचे नंतर रुग्णालयात कळले. तीनदा खाली पडल्यावर पंच आर्थर डोनोव्हन यांनी लढत थांबवली.

लेनॉक्स लुईस या दुसऱ्या हेवीवेटची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. सप्टेंबर १९९४ मध्ये लंडनच्या वेम्बलीत ऑलिव्हर मकॉलने त्याला दुसऱ्या फेरीत उजव्या ठोशाने पाडले. मकॉलच्या कोपऱ्यात डेट्रॉइटचे इमॅन्युएल स्टुअर्ड उभे होते. हरल्यावर लुईसने काय केले? आपला पराभव ज्यांनी आखला त्यांनाच आपला प्रशिक्षक नेमले. यासाठी किती मोठे मन लागत असेल! १९९७ ची फेरलढत मात्र त्या कामाची कसोटी ठरली नाही, कारण मकॉल रिंगमध्येच मनाने कोसळला, रडू लागला आणि लढेना. पंचांनी पाचव्या फेरीत लढत थांबवली. खरी कसोटी पुढे लागली. एप्रिल २००१ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या ब्रॅकपानला, समुद्रसपाटीपासून उंचावर, लुईस उशिरा पोहोचला, जड अंगाने उतरला आणि पाचव्या फेरीत हसीम रहमानकडून नॉकआउट झाला. नोव्हेंबरात लास वेगासला तो काही पौंड हलका होऊन आला आणि रहमानला चौथ्या फेरीत झोपवले. या वेळी तंत्राइतकीच तयारी ढिली पडली होती, आणि त्याने तीच सुधारली.

अलीकडचे उदाहरण हेवीवेट अँथनी जोशुआचे. १ जून २०१९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अँडी रुईझ ऐनवेळी बदली म्हणून आलेला. तिसऱ्या फेरीत जोशुआने त्याला पाडले आणि संपवण्याच्या घाईत जवळ गेला. जवळ रुईझचे आखूड, वेगवान हात होते. जोशुआ चारदा पडला आणि सातव्या फेरीत लढत संपली. सहा महिन्यांनी सौदी अरेबियात दिरियाला तो सुमारे दहा पौंड हलका होऊन उतरला, तर रुईझ पंधरा पौंड जड. तीन महिने मौजमजेत गेल्याचे रुईझने नंतर स्वतःच सांगितले. जोशुआ बारा फेऱ्या जॅब मारत, पाय हलवत, लांब राहून लढला. गुण ११८-११०, ११८-११०, ११९-१०९. अनेकांना ती लढत नीरस वाटली. मला ती फार मोलाची वाटते. नॉकआउटसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाने तो मोह बारा फेऱ्या आवरला.

आता फ्लॉइड पॅटरसन. फेरलढत कधी जिंकता येते आणि कधी नाही, याची दोन्ही उत्तरे त्याच्याकडे आहेत. १९५९ मध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या फेरीत सातदा पाडले. पुढच्या वर्षी पॅटरसनने पाचव्या फेरीत डाव्या हुकने त्याला बेशुद्ध केले आणि हेवीवेट किताब परत मिळवणारा तो पहिला बॉक्सर ठरला. पण १९६२ मध्ये सनी लिस्टनने त्याला २ मिनिटे ६ सेकंदांत हरवले, तेव्हा तो खोटी दाढी लावून शहरातून निघून गेला. ती दाढी त्याने लढतीआधीच जवळ ठेवली होती. दहा महिन्यांनी फेरलढत झाली. ती २ मिनिटे १० सेकंद चालली. लिस्टन वजनाने, हातांच्या लांबीने, ताकदीने फार मोठा होता, आणि ही तफावत सरावाने भरून येणारी नव्हती. पॅटरसनचे धैर्य कमी नव्हते. चूक हीच की सुधारण्यासारखे काही हाती नसताना तो पुन्हा त्याच दारात उभा राहिला.

या सभागृहात मुलांना बॉक्सिंग शिकवणारे कोणी असतील, तर त्यांना माझी विनंती आहे. तुमचा मुलगा नॉकआउट होऊन आला तर आधी त्याला डॉक्टरांकडे न्या आणि ते परवानगी देईपर्यंत सरावातही त्याच्या डोक्याला ठोसा लागू देऊ नका. मग त्याच्यासोबत बसून लढतीची फिल्म बघा आणि पहिल्यांदा त्याला बोलू द्या. कुठे चुकले आणि पुढच्या वेळी काय वेगळे करणार, हे त्याला सांगता येईपर्यंत फेरलढतीसाठी त्याचे नाव देऊ नका.