पडद्यावरची शाळा आणि शाळेतला पडदा



दूरचित्रवाणीवर शाळकरी मुलांचे संगीत नाटक जसे दिसते, तसे ते प्रत्यक्षात असते काय, हा आजचा विषय. तो ऐकून काहींना वाटले असेल, की अमेरिकेतल्या मालिकांशी रहिमतपूरकरांचे काय देणेघेणे? शंका रास्त आहे. पण ज्या गावी वसंत कानेटकरांचा जन्म झाला, त्या गावाने शाळेच्या नाटकाची चिंता करायची नाही, तर कोणी करायची? शिवाय आपल्या स्नेहसंमेलनांत आज बहुधा काय चालते ते आठवून पाहा. ध्वनिमुद्रित गाणे लावायचे, त्यावर दहाबारा मुलांनी नाचायचे, ओठ हलवायचे आणि टाळ्या घेऊन उतरायचे. पेटीच्या साथीवर मूल स्वतःच्या गळ्याने गात आहे, असा नाट्यप्रवेश दुर्मिळ झाला आहे. हे वळण मुलांना पडद्याने लावले. म्हणून पडदा खरे किती सांगतो, हे तपासणे भागच आहे.

आधी तिकडचे मासले पाहू. २००६ साली ‘हायस्कूल म्युझिकल’ हा दूरचित्रवाणीसाठी केलेला चित्रपट आला आणि जगभरच्या मुलांना त्याने वेड लावले. शाळेच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार आणि एक अभ्यासू मुलगी संगीतिकेत भूमिका मिळावी म्हणून धडपडतात, अशी ती कथा. गंमत अशी, की त्या संगीतिकेचा प्रयोग या चित्रपटात होतच नाही. निवडचाचणी झाली, सामना जिंकला, सगळे नाचले, कथा संपली! दुसरी ‘ग्ली’ ही मालिका २००९ पासून २०१५ पर्यंत चालली. तीत ओहायो राज्यातल्या एका कल्पित शाळेचा गायकवृंद आहे. तेथे मुलाच्या मनात गाणे आले, की वाद्यवृंद कोठूनसा हजर होतो, चाल सर्वांना पाठ असते, पावलेही एकत्र पडतात. ती गाणी अर्थातच आधी ध्वनिमुद्रणगृहात गाऊन ठेवलेली. आणि शाळकरी मुले म्हणून जे दिसतात, त्यांतले कित्येक नट पंचविशी ओलांडलेले.

तिसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. पेनसिल्व्हानियात लेव्हिटाउन नावाचे कामगारवस्तीचे गाव आहे. तेथील ट्रूमन हायस्कूलमध्ये लू व्होल्पी या शिक्षकांनी चाळीस वर्षे नाटके बसवली. त्यांच्यावर मायकेल सोकोलोव्ह यांनी ‘ड्रामा हाय’ हे पुस्तक २०१३ साली लिहिले. त्याच्या आधारे २०१८ मध्ये ‘राइज’ ही मालिका निघाली. वादग्रस्त नाटकावरून मुख्याध्यापक आणि पालक यांच्याशी उडणारे खटके, मैदान आणि रंगमंच यांमध्ये एकाच मुलाची होणारी ओढाताण, हे त्या मालिकेत पुष्कळ खरे उतरले आहे. पण मालिकेतला शिक्षक नाटकाचा कसलाही अनुभव नसताना विभाग हाती घेतो आणि दहा भागांत प्रयोग उभा करून दाखवतो! चाळीस वर्षांची मेहनत एका हंगामात बसवली. माझ्या मते पडद्याचे मोठे असत्य ते हेच. तो वेशभूषेबद्दल फारसे खोटे बोलत नाही, मुलांच्या हेव्यादाव्यांबद्दलही बोलत नाही. तो वेळेबद्दल खोटे बोलतो.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. शिक्षकी पेशात असताना एका वर्षी आम्ही ‘शारदा’तले काही प्रवेश बसवायला घेतले. गाण्याची भूमिका नववीतल्या एका मुलाला दिली. काळी चारमध्ये तो मोकळा गात असे. दिवाळीची सुट्टी संपवून परत आला, तो आवाज फुटलेला. वरचा सूर लावू गेला की चिरके. संमेलनाला सहा आठवडे उरले होते. मी मनाशी ठरवले, की याला काढून दुसरा मुलगा घ्यायचा. आमचे पेटीवाले गावातले साधे भजनी गृहस्थ. ते म्हणाले, “मास्तर, पट्टी उतरवा, पोराला उतरवू नका.”

पट्टी उतरवली, तर बरोबरच्या मुलीचा आवाज खाली पोचेना. शेवटी एक पद गाळले, एक तिला दिले आणि एक त्याच्यासाठी खालच्या सुरात नव्याने बसवले. तालमी शाळा सुटल्यावर. पण शेजारच्या खेड्यांतल्या मुलांची एस.टी. चुकता कामा नये, म्हणून रोज जेमतेम पाऊण तास मिळे. प्रयोगाच्या रात्री त्याचा आवाज एकदा फाटलाच. मागच्या रांगांतून हशा आला. तो थांबला, पेटीवरून षड्ज पुन्हा घेतला आणि पद पुरे केले. फार टाळ्या पडल्या असे नाही. पण तो मुलगा त्या रात्री जे शिकला, ते माझ्या वर्गात वर्षभर बसूनही शिकला नसता. आणि मी त्याला काढायला निघालो होतो, ही माझी चूक मला अजून बोचते.

आवाज फुटणे ही आपल्या रंगभूमीला नवी गोष्ट नव्हे. केशवराव भोसले कोवळ्या वयात शारदेच्या भूमिकेने गाजले, आणि पुढे १९०८ साली ‘ललितकलादर्श’ काढून मोठे गायकनट झाले. मधली ती अवघड वर्षे बालनटांना चुकत नसत. पंचविशीतला नट शाळकरी म्हणून उभा केला, की हे सारे वयच पडद्यावरून पुसले जाते.

आपल्याकडचा पडदा या बाबतीत थोडा अधिक प्रामाणिक ठरला, हेही सांगितले पाहिजे. २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये गाणारी मुले खरोखरच मुले होती, आणि त्यांच्यामुळे नाट्यपदे पुन्हा घराघरांत गेली. हे ऋण मोठे आहे. परंतु तेथे पद होते, नाटक नव्हते. एक मूल, एक ध्वनिक्षेपक, मागे कसलेले वादक आणि पुढे गुण देणारे परीक्षक. शाळेच्या नाटकात पडदा ओढणारा असतो, पाठीमागून वाक्य पुरवणारा असतो, भाड्याच्या अंगरख्याला टाचणी लावणारी असते, आणि नुसता भाला धरून उभा राहणारा शिपाईही असतो. गाता न येणाऱ्या मुलालाही तेथे जागा असते. स्पर्धेत ती नसते. घरोघरचे पालक मात्र त्या स्पर्धेचेच माप आपल्या मुलांना लावतात, आणि “आमच्याला गळा नाही” म्हणून दहा वर्षांच्या पोराचा निकाल लावून मोकळे होतात.

येथे मला कानेटकरांची आठवण होते. १९६४ साली त्यांनी ‘मत्स्यगंधा’ लिहिले. त्याला जितेंद्र अभिषेकींचे संगीत होते. ती पदे पेलायला तयारीचा गळा हवा. पण दोनच वर्षांनी, १९६६ साली, त्यांनी ‘लेकुरे उदंड जाहली’ दिले. तीत बोलता बोलता संवादच गाणे होतो. संगीत नाटकाला एकच वाट नसते, हे या गावच्या सुपुत्राने दाखवून दिले आहे. ज्याला तान येत नाही, त्यालाही ठेका धरून बोलता येते. शाळेला यापेक्षा सोयीची वाट कोणती हवी?

म्हणून माझे मागणे लहानसे आहे. येत्या स्नेहसंमेलनात प्रत्येक शाळेने वीसच मिनिटे ध्वनिमुद्रणाशिवाय द्यावीत. नाटककाराच्या वारसांची परवानगी रीतसर घ्यावी. अमेरिकेतल्या शाळाही प्रयोगाच्या हक्काचे पैसे भरतात, फक्त पडद्यावर ते क्वचित दिसते. गावातल्या भजनी मंडळींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी पेटी-तबला घेऊन शाळेत जावे. पालकांनी तालीम संपल्यावर मुलांना घरी पोचवण्याची पाळी लावून घ्यावी. आणि प्रेक्षकांनी, म्हणजे तुम्ही आम्ही, मुलाचा सूर चुकला तर हसू नये; तो पुन्हा लागेपर्यंत थांबावे.

पडद्यावरच्या शाळेत सूर कधी चुकत नाही. आपल्या शाळेत तो चुकेल, आणि चुकला तरी मूल पुढे गाईल.