मिठाची पाच पाकिटं

युद्ध होणार का, बँक बुडणार का, सरकार टिकणार का, सोनं कुठवर जाणार... एकादशीलासुद्धा पारावर हेच! चिंता करू नका असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात लेकरं आहेत तो चिंता करणारच.

पण 2016 सालचा नोव्हेंबर आठवा. 8 तारखेला रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या. तीन दिवसांत आवई उठली, मीठ संपलं! उत्तर प्रदेशात किलोला 200 रुपये मोजले लोकांनी. (हसू नका, तुमच्यातलेही कोणी रांगेत असतील.) अहो, तीन बाजूंना समुद्र आपल्या देशाला! गुजरातेत मिठागरं, आपल्या उरणला, वसईला मिठागरं. मीठ होतंच. दुकानातलं तेवढं संपलं, कारण एकेकानं पाच-पाच पाकिटं उचलली. ज्याच्या खिशात एकाच पाकिटाचे पैसे, त्याच्या कालवणात काय पडलं?

आता तुकोबांकडे बघा. 1630 चा दुष्काळ काही आवई नव्हती. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. घरात सावकारीच्या खतांचं गाठोडं. दुष्काळानं मोडलेला माणूस एरवी वसुलीला निघतो. यांनी काय केलं? निम्मी खतं भाऊ कान्होबाला दिली, कारण त्याचा वाटा बुडवायचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. त्या खतांवर ज्यांचे अंगठे होते, त्यांच्या घरी त्या रात्री काय बोलणं झालं असेल, सांगा बरं.