घराची किंमत कोण वाढवतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात भाड्याच्या घराच्या डागडुजीचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. घर हा निवारा आहे, नफ्याचे साधन नव्हे, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु तेवढे उच्चारून प्रश्न सुटत नाही. मुंबईच्या उपनगरांत निवृत्त कामगार, शिक्षिका, परिचारिका, मासळी विकणाऱ्या बाया अशा कितीतरी कष्टकऱ्यांची आयुष्यभराची पुंजी एखाद्या जादा खोलीत किंवा वडिलोपार्जित घराच्या हिश्श्यात अडकलेली असते. निवृत्तिवेतन नाही, साठवलेल्या पैशाचे व्याज महागाईला पुरत नाही; तेव्हा ती खोली नीटनेटकी करून भाड्याने द्यावी आणि म्हातारपण निभवावे, एवढाच त्यांचा हिशेब असतो. अशा माणसाला भांडवलदार म्हणून हिणवणे सोपे आहे. दलालाच्या आणि सावकाराच्या तावडीतून त्याला वाचवणे, आणि त्याच वेळी त्याच्या भाडेकरूवर अन्याय होऊ न देणे, हे कठीण काम आहे. आणि तेच आपले आहे.

मनोरीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की काही मिनिटांत हे गाव येते. गाडीरस्त्याने जायचे तर भाईंदर, उत्तन, गोराई असा लांबचा वळसा पडतो. कोळी आणि ईस्ट इंडियन समाजाची ही जुनी वस्ती. शेजारच्या गोराईत १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. पुढे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, दिवसाला २० कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प मनोरीत उभारण्याचे महानगरपालिकेने ठरवले. अशी प्रत्येक बातमी आली की दलाल गावात फिरू लागतात. “घर जरा सजवा, दुप्पट किंमत येईल,” असे ते सांगतात. म्हातारा मालक कर्ज काढतो, चकचकीत लादी बसवतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात छप्पर गळून लादीवर पाणी साचते.

म्हणून घराची किंमत कशाने वाढते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तिचे तीन झरे आहेत. पहिला, गवंडी, सुतार, रंगारी यांचे श्रम आणि त्यांनी वापरलेला माल. दुसरा, राहणाऱ्याला मिळणारी सोय: कोरडी भिंत, स्वच्छ संडास, सुरक्षित वीज, पुरेसा उजेड. तिसरा झरा मालकाच्या अंगणात नसतोच. रस्ता, धक्का, नळ, शाळा, दवाखाना ही सारी समाजाची निर्मिती. पण तिच्यामुळे जागेला आलेला भाव मात्र ज्याच्या नावावर जागा असेल त्याच्या खिशात जातो. लहान मालकाच्या हाती पहिले दोनच झरे आहेत, आणि थोड्या पैशात त्याने त्यांच्यावरच भिस्त ठेवावी.

मनोरीसारख्या किनाऱ्यावर खर्चाचा क्रम निसर्गच ठरवून देतो. आधी छप्पर, मग भिंती, मग पाणी आणि वीज, सर्वांत शेवटी शोभा. मंगलोरी कौलांचे छप्पर असेल तर ते उतरवून सिमेंटचे पत्रे घालण्याची घाई करू नये. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यापासून पश्चिम किनाऱ्यावर रुजलेले हे कौल उन्हाळ्यात घर थंड ठेवते आणि फुटले तर एकेक बदलता येते. वासे व रिपा तपासून, वाळवी लागलेल्या तेवढ्या बदलून, पावसापूर्वी शाकारणी केली तर थोडक्यात काम होते. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असेल तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नये. आतला ओलावा कोंडतो, पोपडे निघतात. तेथे चुन्याचाच गिलावा टिकतो. काँक्रीटच्या कामात समुद्राची वाळू स्वस्त पडते म्हणून कधीही वापरू नये. तिच्यातील मिठाने सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. दमट हवेत जुन्या विजेच्या तारा जीवघेण्या ठरतात. त्या बदलणे आणि अर्थिंग करून घेणे हे रंगापेक्षा महत्त्वाचे आहे. ही सारी कामे पावसाळा संपल्यावर सुरू करून पुढचा पाऊस येण्यापूर्वी संपवावीत. फेरीबोट आणि लांबचा रस्ता यांमुळे मालाची ने-आण महाग पडते. म्हणून दोन-तीन घरांनी माल एकत्र आणला तर खर्च वाटला जातो. सहकाराचा धडा येथूनही गिरवता येतो. बचत मात्र मालाच्या नासाडीत शोधावी, गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या मजुरीत नव्हे.

आता हिशेब पाहू. समजा, एका मालकाने १२ टक्के व्याजाने ३ लाख रुपये काढून घर सजवले आणि भाडे महिना २,५०० रुपयांनी वाढले. वर्षाची वाढ ३०,००० रुपये, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ३६,००० रुपये. मुद्दल बाजूलाच राहिले. हाच मालक छप्पर, संडास आणि वीज यांवर ८०,००० रुपये खर्च करून थांबला आणि भाडे १,५०० रुपयांनी वाढले, तर वर्षाची वाढ १८,००० आणि व्याज ९,६०० रुपये. हळूहळू मुद्दलही फिटते. त्यातही घर दोन महिने रिकामे राहील, हे धरून चालावे. घर पुढे विकायचे ठरलेच, तर सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो. म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात. दलाल हा हिशेब सांगत नाही, कारण त्याची दलाली ठरलेली असते.

कायद्याचे भान तितकेच आवश्यक आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ नुसार गिलावा, रंग, लादी, संडास-मोरीची दुरुस्ती, नळ व विजेची जोडणी अशा साध्या डागडुजीला परवानगी लागत नाही. परंतु घराची लांबी-रुंदी-उंची बदलणे, भार पेलणारी भिंत काढणे, जोते खाली घेणे, पोटमाळा वाढवणे, किंवा वेगळ्या सामानाचे छप्पर घालणे या सवलतीत बसत नाही. “एक मजला चढवा, नंतर नियमित करून घेऊ,” हा सल्ला देणारा नोटीस आल्यावर भेटत नाही. समुद्रकिनाऱ्यावर किनारपट्टी नियमनाची बंधने आहेतच. मात्र २०१९ च्या अधिसूचनेने किनारी गावांतील स्थानिकांना, मच्छीमारांसह, जोत्याचे क्षेत्र आणि दर्शनी भाग न बदलता राहत्या घरात पाहुण्यांची सोय करण्याची वाट ठेवली आहे. घर विकून शहरात जाण्यापेक्षा ही वाट पुष्कळांना परवडणारी आहे.

वडिलोपार्जित घरावर एकाने पैसे घालण्याआधी सर्व वारसांशी लेखी करार व्हावा. ख्रिस्ती कुटुंबांत १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने, आणि एकत्र हिंदू कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीने, मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. दुरुस्तीचे निमित्त करून बहिणीचा हिस्सा गिळण्याचे प्रकार सर्रास होतात. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतही ते होता कामा नयेत.

आणि भाडेकरू? १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, ती टाळली तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तेव्हा नोंदणी ही दोघांचीही ढाल आहे. दुरुस्तीचे नाव सांगून जुन्या भाडेकरूला बाहेर काढायचे आणि रंगवलेली खोली दुसऱ्याला चढ्या दराने द्यायची, यात मूल्य वाढत नाही. एकाचा निवारा दुसऱ्याच्या नफ्यात जातो.

राहिला तिसरा झरा. समाजाने निर्माण केलेली भाववाढ समाजाकडे परत यावी, हा विचार नवा नाही. ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज यांच्या १९०९ च्या अर्थसंकल्पाने जमिनीच्या अशा वाढीवर २० टक्के कर सुचवला. तो कायद्यात आला, पण १९२० मध्ये रद्द झाला. आपल्याकडे १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला आणि महाराष्ट्राने तो २००७ मध्ये मोडीत काढला. दोन्हीकडे हितसंबंध जिंकले. प्रश्न मात्र शिल्लक राहिला. चुन्याचा हात देणाऱ्या म्हाताऱ्याची कमाई आणि प्रकल्पाची बातमी आधी कळल्यामुळे एकरांनी जमीन घेणाऱ्याची कमाई, यांत फरक करणारी करपद्धती मागणे हे पक्षाचे काम आहे.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनी गावोगाव एवढे तरी करावे: दुरुस्तीआधी मालकाला हिशेब मांडून दाखवावा, वारसांना एकत्र बसवावे, करार नोंदवून घ्यावा, माल एकत्र आणण्याची व्यवस्था करावी आणि बेकायदा मजल्याच्या सल्ल्याला उघड विरोध करावा. गळणारे छप्पर थांबले, भाडेकरू निर्धास्त झोपला आणि मालकाला कर्जासाठी घर विकावे लागले नाही, तर त्या घराची किंमत खऱ्या अर्थाने वाढली, असे म्हणता येईल.