मतदारसंघांची फेररचना आणि बुलडाण्याचा अनुभव



निवडणुकीची चर्चा बहुधा उमेदवारापासून सुरू होते आणि निकालापाशी संपते. परंतु उमेदवार ठरण्याच्याही पूर्वी एक निर्णय झालेला असतो. कोणते गाव कोणत्या मतदारसंघात आणि तो मतदारसंघ खुला की राखीव, हा तो निर्णय होय. त्याच्या वेळी सभा गाजत नाहीत, मिरवणुका निघत नाहीत. मात्र त्याचे परिणाम एक पिढीभर टिकतात. बुलडाणा जिल्ह्याने हा अनुभव 2008 च्या फेररचनेत घेतला आहे.

त्याची पार्श्वभूमी प्रथम पाहिली पाहिजे. 1971 च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची रचना 1977 पासून 2004 पर्यंतच्या सर्व लोकसभा निवडणुकांना लागू होती. आणीबाणीच्या काळात, 1976 मध्ये, 42व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक राज्याच्या जागांची संख्या गोठविण्यात आली. पुढे 2001 च्या 84व्या दुरुस्तीने ही मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. राज्यांच्या वाट्याच्या जागा बदलणार नव्हत्या. बदलणार होत्या त्या राज्याच्या आतील सीमा. हे काम निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने 2001 ची जनगणना आधार मानून केले आणि नवी रचना 2008 मध्ये अमलात आली. महाराष्ट्रात तिची पहिली कसोटी 2009 च्या निवडणुकांत लागली.

या रचनेमागे एक सरळ गणित आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेच्या जागा 288, लोकसभेच्या 48. म्हणजे प्रत्येक लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे बरोबर 6 मतदारसंघ. बुलडाणा जिल्ह्यातील जलंब हा विधानसभा मतदारसंघ या फेररचनेत इतिहासजमा झाला आणि जिल्ह्यात 7 मतदारसंघ उरले. बुलडाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव आणि जळगाव जामोद या सहांचा मिळून बुलडाणा लोकसभा मतदारसंघ झाला. सातवा मलकापूर. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात 11 मतदारसंघ होते; मलकापूर जोडल्यावर ते 12 झाले आणि जळगाव व रावेर हे दोन लोकसभा मतदारसंघ पूर्ण झाले. गणित चोख जुळले. परंतु विदर्भातील एक तालुक्याचे गाव संसदेपुरते खानदेशात गेले.

मलकापूरच्या नागरिकाचे जिल्हाधिकारी कार्यालय बुलडाण्याला, जिल्हा परिषद बुलडाण्याला, महसुली विभाग अमरावती. खासदार मात्र रावेरचा. मलकापूर भुसावळच्याच लोहमार्गावर आहे, तेव्हा हे जोडणे भूगोलाला सोडून झाले असे म्हणता येणार नाही. तथापि ज्या खासदाराच्या मतदारसंघातील पाच भाग एका जिल्ह्यात आणि एकच भाग दुसऱ्या जिल्ह्यात असतो, त्याच्याकडे त्या एका भागाचा आवाज पोहोचविण्यासाठी समाजाला अधिक जागरूक राहावे लागते. घाटावर आणि घाटाखाली हा भेद जिल्ह्याच्या बोलण्यात पूर्वीपासून आहेच. त्यात मतदारसंघाच्या सीमेची आणखी एक भिंत उभी राहू न देणे हे जाणत्या मंडळींचे काम आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा कोणत्याही मतदारसंघाची सीमा पाळत नाही. जिगाव प्रकल्पाचे धरण नांदुरा तालुक्यात, तर त्याच्या पाण्याची वाट पाहणारी गावे अनेक तालुक्यांत. खामगाव-जालना लोहमार्गाची जुनी मागणीही एका मतदारसंघाची नाही. असे प्रश्न खासदारांच्या हद्दीप्रमाणे वाटून घेतले, तर ते सुटण्याऐवजी लोंबकळत राहतात.

दुसरा बदल अधिक खोलवर जाणारा होता. 1977 ते 2004 या काळातील नऊ निवडणुकांत बुलडाणा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. या काळात काँग्रेसचे मुकुल वासनिक तीन वेळा, शिवसेनेचे आनंदराव अडसूळ तीन वेळा आणि 1989 मध्ये भारतीय जनता पक्षाचे सुखदेव काळे येथून निवडून गेले. 2009 मध्ये हा मतदारसंघ खुला झाला. त्याच वेळी मेहकर हा विधानसभा मतदारसंघ राखीव झाला. मेहकरचे तत्कालीन आमदार प्रतापराव जाधव लोकसभेला उभे राहिले आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे राजेंद्र शिंगणे यांचा पराभव करून विजयी झाले. अडसूळ यांनी राखीव झालेल्या अमरावतीतून, तर वासनिक यांनी राखीव रामटेकमधून निवडणूक जिंकली. जाधव पुढे 2014, 2019 आणि 2024 मध्येही निवडून आले. एका आदेशाने तीन मतदारसंघांतील नेतृत्वाची दिशा बदलली, हे यावरून दिसते.

नेत्यांना दुसरा मतदारसंघ मिळाला. समाजाचे काय? राखीव जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेल्या असाव्यात आणि अनुसूचित जातींची लोकसंख्या तुलनेने अधिक असेल तेथे असाव्यात, असे परिसीमनाचा कायदा सांगतो. म्हणून जागा राखीव होणे हा कोणावर उपकार नाही आणि ती खुली होणे हा कोणाचा विजय नाही. आरक्षणाच्या काळात सर्व समाजाचे नेतृत्व अनुसूचित जातीतील व्यक्तीने केले आणि सर्वांनी त्याला मते दिली, हा त्या व्यवस्थेचा खरा संस्कार. जागा खुली झाल्यावर पक्षाला त्या समाजातील कार्यकर्त्याची आठवण उरली नाही, तर तो संस्कार वरवरचाच होता असे म्हणावे लागेल. राजकारणात एक व्यक्ती, एक मत आणि सामाजिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. मतदारसंघ कायद्याने राखीव नसतानाही वंचित बंधूला उमेदवारी देण्याचे आणि त्याच्यासाठी घरोघर फिरण्याचे धैर्य ज्या दिवशी समाज दाखवील, त्या दिवशी समरसता हा शब्द व्यासपीठावरून वस्तीत उतरला असे समजावे. जिजाऊंच्या जन्मभूमीकडून एवढी अपेक्षा वावगी ठरू नये.

तिसरा मुद्दा संपूर्ण विदर्भाचा आहे. या फेररचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा 66 वरून 62 आणि लोकसभेच्या 11 वरून 10 झाल्या. दुसरीकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा 13 वरून 24 वर गेल्या. यात कोणाचे कारस्थान शोधण्याची आवश्यकता नाही. मताचे मूल्य सर्वत्र सारखे राहावे, तर जेथे माणसे वाढतात तेथे जागाही वाढणारच. प्रश्न आहे तो माणसे गाव का सोडतात याचा. कोरडवाहू शेती, अपुरे सिंचन, उद्योगांचा अभाव यांमुळे विदर्भातील तरुण पुणे-मुंबईकडे जातो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या भूमीचा सभागृहातील वाटाही हळूहळू जात असतो. विकासाचा अनुशेष शेवटी प्रतिनिधित्वाचा अनुशेष होतो. यावर उपाय जागांसाठी आक्रोश करणे हा नव्हे, तर गावातच पोट भरेल असे पाणी, रस्ते आणि रोजगार उभे करणे हा आहे.

पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख जून 2025 मध्ये अधिसूचित झाली. लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक-तृतीयांश जागा देणारी 106वी घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली, तेव्हा तिची अंमलबजावणीही जनगणना आणि परिसीमनाशी जोडण्यात आली. म्हणजे 2008 च्या सीमा कायमच्या नाहीत. उत्तर-दक्षिण असा वाद पेटविण्याचे प्रयत्न या निमित्ताने होतील. लोकसंख्येला आवर घालणाऱ्या राज्यांची चिंता अनाठायी म्हणून झटकून टाकू नये. तशीच प्रत्येक नागरिकाच्या मताचे मूल्य समान असावे ही अपेक्षाही चुकीची ठरवू नये. दोन्हींचा मेळ घालताना देश एक आहे, ही जाणीव निर्णायक ठरली पाहिजे.

2008 च्या वेळी कायद्याने नागरिकांना संधी दिली होती. आयोगाला आपले प्रस्ताव प्रसिद्ध करावे लागत, हरकती मागवाव्या लागत आणि जाहीर बैठका घ्याव्या लागत. प्रत्येक राज्यातील 5 खासदार आणि 5 आमदार सहयोगी सदस्य होते. मात्र त्यांना मताचा अधिकार नव्हता. आदेश एकदा निघाला, की न्यायालयात दाद मागण्यास राज्यघटनेच्या कलम 329 ने मोठी मर्यादा घातली आहे. म्हणून जे सांगायचे ते मसुदा निघताच सांगावे लागते. तहसीलचा नकाशा, जनगणनेचे आकडे आणि गावांची यादी घेऊन बसणारे चार अभ्यासू कार्यकर्ते त्या वेळी चाळीस घोषणांहून अधिक मोलाचे ठरतात. त्यांनी पाहावे, की तालुका विनाकारण तुटतो का, दळणवळणाची सोय राहते का, नदीपलीकडचे एखादे गाव एकटे पडते का. हरकत नोंदविताना जातीची मोजदाद पुढे करू नये. जनतेची सोय पुढे करावी. हा अभ्यास करणारी मंडळी प्रत्येक तालुक्यात आजपासून तयार होणे आवश्यक आहे.